माझी उन्हाळी रशियन

मी रशियन शिकणार आहे, असं मी जेवताना जाहीर केलं.

"बरं," आमची ही म्हणाली. "मीठ द्या इकडे. आणि बाथरूमच्या नळाचं काय झालं?"

आमच्या बाथरूमचा नळ गळतो. सोसायटीच्या प्लंबरला मी दिसेल तिथे गाठून त्याबद्दल सांगत आलो आहे, आणि तो दर वेळी अत्यंत आदराने "उद्या येतो, साहेब" म्हणत आला आहे. पण घरातला कर्ता पुरुष एक मोठा निर्णय जाहीर करत असताना मध्येच नळ आणू नये, एवढं तरी तारतम्य माणसाला हवं. चिरंजीवांना ठसका लागला. फक्त सूनबाईने हातातला चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं, की माझे परतीचे दोर तिथेच कापले गेले.

सूनबाई रशियन. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिला मराठीतलं फक्त चिरंजीवांचं नाव येत होतं, आणि तेही ती चुकीचं घ्यायची. आता ती भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करते आणि आमच्या हिची बाजू घेऊन मलाही चार शब्द सुनावते. तिची आई मात्र तिकडे एकटी. वडील गेल्यापासून "इकडे आमच्याजवळ राहायला ये," असं ही पोरगी फोनवर विनवत होती आणि आई एकच उत्तर देत होती: "तुमच्या घरात माझं बोलणं कुणाला कळणार? तुम्ही दोघं कामावर जाल, मी दिवसभर मुक्यासारखी बसून काय करू?" बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर ती उन्हाळा संपता संपता आठवडाभरासाठी यायला तयार झाली होती. परतीचं तिकीट आधीच काढून. हे सांगताना सूनबाई ताटातला भात नुसता चिवडत होती. मला ते बघवेना, आणि मला काही बघवलं नाही की मी काहीतरी जाहीर करतो.

"मी यंदा रिटायर होतोय," मी म्हणालो. "दिवसभर घरात असेन. विहीणबाईंशी बोलायला एक माणूस तरी असेल."

"तुम्ही बोलाल हो," ही म्हणाली. "त्यांना बोलू द्याल का?"

बातमी बाहेर फुटायला वेळ लागला नाही. आमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक मुद्दाम चप्पल घालून आले, म्हणजे भेट औपचारिक आहे हे कळावं. "आधी व्याकरण पक्कं करा," ते म्हणाले. "तोवर तोंड उघडू नका." वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत नेमकं उलटं. त्यांच्या भाच्याची बायको फ्रेंच शिकली ती केवळ भांडून, असं त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "या वयात मेंदू कडक होतो हो. माझंच बघा ना." मी त्यांचं बघितलं आणि मला ते लगेच पटलं, पण मी तसं बोललो नाही.

खरा मार्ग सूनबाईने काढला. दूरच्या गावी एका तांत्रिक विद्यालयाचं वसतिगृह उन्हाळ्यात रिकामं असतं. तिथे दर वर्षी रशियनचा एक वर्ग भरतो. राहायचं तिथेच, जेवायचं तिथेच, आणि उठल्यापासून झोपेपर्यंत फक्त रशियन बोलायचं.

"पण मला एक शब्दही येत नाही," मी म्हणालो.

"मला तरी कुठे येत होता, बाबा?" सूनबाई म्हणाली. "तुम्ही सगळे एकदम बोलत होता. मला बुडायचं नव्हतं, म्हणून मी हातपाय मारले."

आम्ही सगळे एकदम बोलतो हा आरोप मला मान्य नाही. घरात एकटा मीच बोलतो. पण मुद्दा बिनतोड होता.

आता रजा. माझी शिल्लक रजा चिरंजीवांच्या लग्नात आणि माझ्या गुडघ्यात संपली होती. आमच्या ऑफिसात आस्थापना शाखेला एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे नियमावली म्हणतात, आणि त्यांना तो सन्मान वाटतो. त्यांनी माझा अर्ज दोन बोटांत धरून वाचला.

"रशियन शिकण्यासाठी रजा मिळत नाही," ते म्हणाले.

"मग कशासाठी मिळते?"

"आजारपण, अपघात, कोर्टाचं समन्स." मग त्यांनी माझी फाइल उलटीपालटी केली आणि त्यांचे डोळे चमकले. "अहो, तुम्ही स्वविवाह रजा घेतलेलीच नाही!"

"माझं लग्न नोकरीच्या आधी झालं."

"ते का झालं हे मी विचारत नाही. रजा शिल्लक आहे का? आहे. चांगली लांबलचक आहे. निवृत्तीबरोबर बुडेल. सही करा."

मी सही केली. एवढी वर्षं सरकारी टेबलाशी काढल्यावर समोर आलेल्या कागदावर सही करणं हे हाताचं काम उरतं, त्यात डोकं पडत नाही. नियमावली रजेच्या नोटिशी फलकावर लावतात, आणि फलक सगळं ऑफिस वाचतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

वसतिगृहाच्या दारातच शपथ होती. उजवा हात वर करून, रशियनखेरीज अन्य भाषेत शब्द काढणार नाही, असं म्हणायचं. मोबाइल काढून घेतले. चुकून दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्याने स्वयंपाकघरात बटाटे सोलायचे, ही शिक्षा. आमच्या शिक्षिका म्हणजे बारीक अंगाच्या, साखळीचा चष्मा लावणाऱ्या एक बाई. "यापुढे मला मराठी येत नाही," असं त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, आणि शेवटपर्यंत शब्द पाळला.

खोलीत माझ्याबरोबर एक दाताचे डॉक्टर होते. पहिल्या संध्याकाळी आम्ही समोरासमोर खाटांवर बसलो. माझ्या पोटात दिवसभराचं बोलणं साचलं होतं. दिवसभरात शिकलेलं एकमेव रशियन वाक्य मी म्हणालो, "हे टेबल आहे." डॉक्टरांनी बराच विचार केला. "होय," ते म्हणाले. "हे टेबल आहे." त्या विषयावर आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं. उरलेला सगळा वेळ आम्ही टेबलाकडे बघत बसलो.

आणि कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ गळत होता. एक नळ घरी टाकून मी दुसऱ्या नळाच्या शेजारी येऊन पडलो होतो. डॉक्टरांनी बॅगेतून त्यांच्या धंद्यातला कापूस काढला, कानात घातला आणि ते शांत झोपी गेले. माझ्या स्वभावात तसं नाही. अव्यवस्था दिसली की मला तोंड उघडावंच लागतं, आणि तोंडात तर टेबलाशिवाय काही नव्हतं.

सकाळी मी व्यवस्थापकाच्या खोलीत गेलो. मोठ्या मिशांचा तो धिप्पाड माणूस. त्याला हाताला धरून वर नेलं आणि नळ दाखवला. "क्रान," तो म्हणाला. नळाला रशियनमध्ये क्रान म्हणतात. मग गळणाऱ्या पाण्याखाली बोट धरून म्हणाला, "तिच्योत." म्हणजे गळतोय. मी जोरात मान हलवली. "क्रान तिच्योत!" तो खूश झाला, माझी पाठ थोपटली, म्हणाला "झाफ्त्रा," आणि निघून गेला. मी धावत जाऊन शब्दकोश उघडला. झाफ्त्रा म्हणजे उद्या.

तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव झाफ्त्रा पडलं, आणि माझा खरा अभ्यास सुरू झाला. वर्गात बाई वसंत ऋतू, बर्फ आणि नदी शिकवत. डॉक्टर बर्फावर छान बोलू लागले. माझं लक्ष तिकडे नव्हतं. मी भूतकाळ शिकलो तो काल त्याने काय कबूल केलं होतं ते त्याच्या तोंडावर फेकण्यासाठी. भविष्यकाळ शिकलो तो मी आता वर कुणाकडे जाणार आहे हे सांगण्यासाठी. जर-तरची वाक्यं तर मला एका दुपारीत आली, कारण जर नळ दुरुस्त झाला नाही तर काय काय होईल याची माझ्याकडे भली मोठी यादी होती. रागाच्या भरात अधूनमधून मराठी सुटायची आणि मी बटाटे सोलायला जायचो. तिथे सोलता सोलता पुढचं भाषण जुळवायचो. बाईंनी मला एकच शब्द खास दिला, 'बिझाब्राझिये'. म्हणजे घोर अनागोंदी, लाजिरवाणा कारभार. ज्या भाषेत यासाठी इतका भरभक्कम शब्द आहे ती भाषा मुळात आपलीच, असं मला वाटलं आणि मी ताठ मानेने वावरू लागलो.

अशात एकदा झाफ्त्राने मला वसतिगृहाच्या ऑफिसातल्या फोनवर बोलावलं. पलीकडे आमची ही.

"अहो, तुमच्या ऑफिसातून हा एवढा मोठा फुलांचा गुच्छ आलाय. 'नवदांपत्यास शुभेच्छा' लिहिलंय. कुणाशी लग्न केलंत तुम्ही?"

समोर झाफ्त्रा मिशा कुरवाळत उभा, दारात बाई. शपथ म्हणजे शपथ. मी शब्द गोळा केले आणि रशियनमध्ये म्हणालो, "ही फुलं आहेत. फुलं सुंदर आहेत."

"काय?"

मागून बाईंनी माझा उच्चार सुधारला, जरा मोठ्यानेच.

"ती बाई कोण बोलतेय मागे?"

"ती शिक्षिका आहे," मी रशियनमध्ये म्हणालो. "ती चांगली आहे. मी तिच्यासाठी बटाटे सोलतो."

फोन सूनबाईकडे गेला. मी तेच सगळं पुन्हा म्हणालो, आणि पलीकडे सूनबाईचा प्रामाणिक आवाज ऐकू आला: "आई, बाबा म्हणतात फुलं सुंदर आहेत. बाई चांगली आहे. बाबा तिच्यासाठी बटाटे सोलतात."

हिने फोन हिसकावून घेतला. मग ही म्हणाली, "इथे कधी एक सोलला नाही!" आणि फोन बंद झाला.

त्या अपमानाची सगळी आग मी नळावर काढली. वर्ग संपायच्या दिवशी सगळे अंगणात जमले होते. झाफ्त्रा दिसला आणि माझा बांध फुटला. मी पायरीवर चढून जे बोललो त्याला भाषणच म्हणावं लागेल. नळ कसा गळतो, केव्हापासून गळतो, पाणी ही काय चीज आहे, आश्वासन देणाऱ्या माणसाची लायकी काय असते, हे सगळं मी न अडखळता सांगितलं आणि शेवटी 'बिझाब्राझिये' असं ठणकावलं की छपरावरची कबुतरं उडाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या झाफ्त्रा वाजवत होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. शपथ संपली होती, त्यामुळे त्यांना पुन्हा मराठी यायला लागली.

"त्या खोलीतला नळ आम्ही मुद्दाम दुरुस्त करत नाही," त्या म्हणाल्या. "दर वर्षी वर्गातल्या सर्वांत बडबड्या माणसाला ती खोली देतो. आजवर एकही नापास झालेला नाही."

एवढी फसवणूक होऊनही मला मनापासून आनंद झाला. डॉक्टरांनी कापूस काढून मला मिठी मारली.

घरी आमच्या हिचा राग घालवायला सूनबाईचं हातापाया पडणं आणि एक टोपलीभर बटाटे लागले. ऑफिसात नियमावलींनी स्वविवाह रजेचा पुरावा मागितला. मी आमच्या लग्नाचा दाखला पुढे केला. त्यांनी तारीख पाहिली, मला पाहिलं. मी म्हणालो, "लग्न केव्हाचं असावं, हे नियमात कुठे म्हटलंय?" त्यांनी नियम काढून दोनदा वाचला. कुठेच म्हटलेलं नव्हतं. त्यांनी उभं राहून माझ्याशी हस्तांदोलन केलं.

मी रिटायर झालो. आता खरी परीक्षा. विहीणबाईंच्या स्वागतासाठी मी बाईंकडून एक छोटं भाषण बसवून आणलं होतं: प्रवास लांबचा, घर तुमचंच, मुलगी तुमची तशी आमची. विमानतळावर दार उघडलं आणि त्या आल्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, हातावर राखाडी कोट, बरोबर एकच लहान बॅग. सूनबाई धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पुढे झालो, हात जोडले, तोंड उघडलं, आणि सगळं भाषण गडप. डोक्यात मिट्ट अंधार. त्या अंधारातून एकच वाक्य बाहेर आलं.

"हे टेबल आहे," मी म्हणालो.

विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. टेबल कुठे दिसेना. त्या माझ्याकडे बघून हसल्या, आजारी माणसाला बघून हसतात तशा.

त्यानंतर माझी वाचाच बसली. त्या खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसायच्या. ही त्यांना ताटभर वाढायची, त्या मान हलवून जेवायच्या. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो. त्यांची बॅग कोपऱ्यात तशीच होती. लागेल तो कपडा काढायच्या आणि पुन्हा चेन लावायच्या. एका संध्याकाळी सूनबाई डोळे पुसत स्वयंपाकघरात आली. "आई म्हणते, माणसं फार चांगली आहेत," ती म्हणाली. "पण चांगल्या माणसांत मुकं बसणं जास्त जड जातं, म्हणते." मला माझीच लाज वाटली. पोरीला मी जेवणाच्या टेबलावर शब्द दिला होता.

रविवारची सकाळ. परवा त्यांचं विमान. विहीणबाई बाथरूममधून बाहेर आल्या, खांद्यावर टॉवेल, आणि सूनबाईला हळूच, पाहुण्या बाईने सांगावं तसं संकोचून म्हणाल्या, "क्रान तिच्योत."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

"तिच्योत!" मी ओरडलो. आणि मग मला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. होय, तो गळतो! मी सांगून सांगून थकलो! काल सांगितलं, परवा सांगितलं, बायको मला बोलते, पाणी वाया जातं, आणि तो माणूस येत नाही! बिझाब्राझिये!

विहीणबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे धडधाकट माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"आणि तो काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"झाफ्त्रा!"

त्यांनी टेबलावर थाप मारली. या वेळी टेबल होतं. "सगळीकडे सारखेच मेले!" असं काहीसं त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. तिकडे त्या त्यांच्या इमारतीच्या रहिवासी समितीच्या कितीतरी वर्षं प्रमुख होत्या. छप्पर, लिफ्ट, गरम पाण्याचे पाइप, कचरा, कशाकशाविरुद्ध त्या लढल्या ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. मला चार शब्दांतले तीन कळत होते, चौथा त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळत होता. मी आमच्या लिफ्टबद्दल सांगितलं. त्यांनी त्यांचा जिना सांगितला. चहा तीनदा गार झाला. आमची ही मध्ये येऊन म्हणाली, "एवढं काय बोलताय?" मी म्हणालो, "नळाबद्दल." ती म्हणाली, "इतकं शिकून शेवटी नळच?" पण चौथ्यांदा चहा तिनेच आणला, आणि तीही आमच्यात खुर्ची ओढून बसली.

दुपारी विहीणबाई कोट चढवून सेक्रेटरींच्या दारात. बरोबर दुभाषा म्हणून मी. त्या बोलत होत्या, मी मराठी करत होतो, आणि जिन्यात माणसं जमत होती. गळता नळ, बंद दिवे, तुटका कठडा, सगळं निघालं. सेक्रेटरी दोनदा खाली बसले आणि दोनदा उठले. मेंदू कडक असला तरी शरण जाता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. प्लंबर पाठवतो, असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. वरच्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, भांडूनच येते!" मुख्याध्यापकांनी, एक अक्षर न कळता, माझं व्याकरण कच्चं असल्याचं मत दिलं. अख्ख्या इमारतीसमोर माझी मान इतकी ताठ होती की घरी आल्यावर ती शेकावी लागली.

पण तिकीट होतंच. जायचा दिवस उजाडला. बॅग दाराशी ठेवलेली. सूनबाई कामावर गेली नव्हती. नुसतीच आईचा कोट घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. आम्ही सगळे टॅक्सीची वाट बघत होतो.

बेल वाजली. दारात हत्यारांची पिशवी घेऊन प्लंबर उभा होता. तो आमच्या घरी आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आलो, साहेब," तो म्हणाला. "नळ दाखवा."

विहीणबाईंनी मला विचारलं, "हाच का तो?"

"हाच."

त्यांनी प्लंबरकडे पाहिलं, मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे, मग लेकीच्या हातातल्या कोटाकडे. मग त्या चालत गेल्या आणि बाथरूमच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"नियेत," त्या म्हणाल्या. "झाफ्त्रा."

"बाई म्हणतात, नको," मी भाषांतर केलं. "उद्या या."

"अहो पण साहेब, मी आज आलोय!"

"उद्या."

सूनबाईच्या हातातून कोट गळून पडला. "आई," ती रशियनमध्ये म्हणाली, "उद्या तू इथे नसशील ना."

"मग याच्यावर लक्ष कोण ठेवणार?" विहीणबाई म्हणाल्या. "तुझे सासरे? ते नुसते बोलतात."

आमच्या हिला यातला एक शब्द कळला नव्हता. तिने दाराशी ठेवलेली बॅग उचलली, आत नेली आणि कपाट रिकामं करायला लागली. सूनबाई आईच्या गळ्यात पडून हसत होती का रडत होती, ते मला सांगता येणार नाही. मी खाली पडलेला कोट उचलून खुंटीला लावला.

नळ अजून गळतो. प्लंबर हल्ली न बोलावता येतो. विहीणबाई दार उघडतात आणि त्याला सांगायचं ते आता मराठीतच सांगतात: "उद्या."